‘व्हॅनिला’ खेळतोय म्हणजे नेमकं काय खेळतोय? नव्या खेळाडूंसाठी वाटाड्या

गेल्या चवथीला डिचोलीच्या आमच्या घरात दुपारची आरती आटोपली आणि ओसरीवर भांडण सुरू झालं. मामेभावाने माइनक्राफ्ट या गेममधला शेवटचा राक्षस, एंडर ड्रॅगन, मारला होता, आणि तोही ‘प्युअर व्हॅनिला’त, असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता. पेडण्याहून आलेल्या आतेबहिणीने त्याचा लॅपटॉप ओढला, सी बटण दाबून धरलं, आणि लांबचा डोंगर पडद्यावर एकदम नाकासमोर आला. ‘‘व्हॅनिलात झूम कुठून आला रे?’’

झूम आला होता ऑप्टिफाइनमधून, म्हणजे बाहेरच्यांनी बनवलेल्या एका मॉडमधून (मॉड म्हणजे मूळ गेमला वरून जोडलेला बदल). मामेभावाचं उत्तर तयारच होतं : ‘‘ते लॅग होऊ नये म्हणून टाकलंय, त्याने गेम कुठे बदलतो?’’ मग दोघांनी माझ्याकडे तोंड वळवलं. ‘‘दादा, तूच सांग.’’ माझ्या तोंडात नेवरी होती, म्हणून निवाडा टळला. तो आता देतो, आणि नव्याने खेळू लागलेल्यांना उपयोगी पडेल असा सविस्तर देतो.

आधी शब्द

व्हॅनिला हा शब्द आइस्क्रीमवरून आला. वरून काही न घातलेलं साधं आइस्क्रीम म्हणजे व्हॅनिला, म्हणून संगणकवाल्यांनी ‘जसं मिळालं तसं’ या अर्थी तो उचलला. (फोंड्याकडच्या मसाल्याच्या बागांत व्हॅनिलाची वेल दाखवतात. ते खरं तर ऑर्किड, आणि एकेका फुलाचं परागीभवन हाताने करावं लागतं. तिच्याइतकं कमी साधं काही नसेल, पण शब्द रूढ झाला.)

गेमच्या बाबतीत ढोबळ अर्थ असा : बनवणाऱ्यांनी दिला तसा, बाहेरच्या कुणी हात न लावलेला गेम. एवढ्यावर निम्मी भांडणं मिटतात. उरलेली निम्मी मिटत नाहीत, कारण प्रत्येक गेमच्या मंडळींनी हा शब्द आपापल्या सोयीने वाकवलाय.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टवाल्यांना विचारा. त्यांच्या लेखी व्हॅनिला हा एक काळ आहे : नोव्हेंबर २००४ मध्ये गेम आला तेव्हापासून जानेवारी २००७ मध्ये पहिली पुरवणी येईपर्यंतचा. पुढे गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डने ऑगस्ट २०१९ मध्ये ‘क्लासिक’ म्हणून तोच जुना गेम परत आणला, पण तो १.१२ या आवृत्तीवर बेतलेला, म्हणजे २००६ सालातला. तोवर पात्रांची कौशल्यं सुधारून झाली होती, म्हणून २००४ मध्ये घाम फोडणाऱ्या जागा २०१९ मध्ये सोप्या गेल्या. गेम अधिकृत, मॉड एकही नाही, तरी ‘हा खरा व्हॅनिला नव्हे’ म्हणणारे निघालेच.

डूमवाल्यांचं त्याच्या अगदी उलट. डूम डिसेंबर १९९३ चा. तिथे कुणी काल बनवलेली नवीकोरी लेव्हलही ‘व्हॅनिला’ म्हणवते! त्यांना म्हणायचं असतं की ही लेव्हल मूळ डॉसवरच्या प्रोग्रॅमवर कोसळल्याशिवाय चालते. मजकूर नवा चालेल, इंजिन जुनं हवं.

म्हणून कुणी ‘मी व्हॅनिला खेळतो’ म्हणालं की मी पहिल्यांदा विचारतो : कोणता गेम? आणि कशाच्या तुलनेत?

पायरी १ : आवृत्ती लिहून काढा

वही घ्या, मोबाइल घ्या, काहीही. गेमचं नाव, आवृत्तीचा आकडा, कोणत्या यंत्रावरचा, कोणती एडिशन. हे कंटाळवाणं वाटतं, पण इथे चुकलात तर पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया.

माइनक्राफ्टचंच बघा. त्याच्या जावा आणि बेडरॉक या दोन एडिशन म्हणजे दोन वेगळे गेम आहेत असं समजूनच चाला. रेडस्टोन (गेममधली यंत्रं चालवणारी वीजच म्हणा) दोन्हीकडे सारखा वागत नाही. आणि जावातही आकडा महत्त्वाचा. जून २०२० मध्ये आलेल्या १.१६.१ मध्ये पिग्लिन या डुकरासारख्या प्राण्याला सोनं दिलं की एंडर पर्ल (ड्रॅगनपर्यंत पोचायला लागणारे मोती) मिळायची शक्यता चांगली होती, आणि एका वेळी ४ ते ८ मिळत. ऑगस्टमध्ये १.१६.२ आली, शक्यता जवळपास निम्म्यावर आली आणि मोती २ ते ४ झाले. दोन्ही आवृत्त्या शंभर टक्के व्हॅनिला. पण वेळ लावून खेळणारे स्पीडरनर अजून १.१६.१ धरून बसलेत ते उगाच नाही.

आता माझी स्वतःची फजिती. मी शाळेत असताना म्हापशाच्या एका सायबर कॅफेत जीटीए मालिकेतला व्हाइस सिटी खेळायचो. रेडिओवर हिंदी गाणी, रस्त्यावर आपल्याकडच्या गाड्या. कित्येक वर्षं मला वाटायचं, गेम असाच आहे! पुढे कॉलेजात मित्राकडे मूळ गेम पाहिला तेव्हा मला तोच नकली वाटला. आमच्या पिढीतल्या अनेकांचा ‘ओरिजिनल’ असाच कुणीतरी आधीच मोडतोड करून सीडीवर भरलेला होता. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या ‘इतके हजार इन वन’ कार्ट्रिजचंही तेच. तोच मारिओ वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू करून दहा नावांनी यादीत घातलेला असायचा. लहानपणीची आठवण हा पुरावा धरू नका.

आणि उलट बाजूने : हात तुम्ही लावला नाहीत तरी गेम बदललेला असू शकतो. व्हाइस सिटी २००२ मध्ये आला तेव्हा त्याच्या रेडिओवर असलेली काही गाणी नंतर विकल्या गेलेल्या डिजिटल प्रतींत नाहीत, कारण गाण्यांचे परवाने संपले. जीटीए ४ मधली गाणी एप्रिल २०१८ मध्ये अपडेटने काढली, आणि काहींच्या जागी दुसरी आली. अशी प्रत व्हॅनिला खरीच, पण ‘पहिल्या दिवशी आला तसा’ गेम ती नव्हे. मला विचाराल तर हे दोन शब्द वेगळे ठेवा. ‘व्हॅनिला’ म्हणजे बाहेरच्याने न बदललेला. ‘मूळ आवृत्ती’ म्हणजे पहिल्यांदा विकला तो.

क्रॅक केलेल्या प्रतीबद्दल एका वाक्यात : तिची मुख्य फाइलच बदललेली असते, तेव्हा तिथे व्हॅनिलाची चर्चा सुरूच होत नाही.

पायरी २ : घर खरंच झाडून घ्या

नवे खेळाडू सगळ्यात जास्त इथे फसतात. मॉड काढलं, म्हणजे गेम पूर्ववत झाला असं त्यांना वाटतं.

स्टीमवर (पीसीवरच्या गेमचं ऑनलाइन दुकान) गेमच्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग इन्स्टॉल्ड फाइल्स, मग व्हेरिफाय असा पर्याय आहे. तो उत्तम आहे, पण त्याचं काम नीट समजून घ्या. बिघडलेली किंवा बदललेली मूळ फाइल तो परत आणतो. तुम्ही वरून टाकलेली जास्तीची फाइल तो काढत नाही. स्कायरिम या गेमच्या डेटा फोल्डरमध्ये ठेवलेलं मॉड व्हेरिफाय करूनही तिथेच बसलेलं असतं, पाहुणा गेला तरी सोफ्याखाली राहिलेल्या चपलेसारखं.

खरी साफसफाई अशी :

१. सेव्ह फाइल्सची प्रत दुसरीकडे ठेवा. स्कायरिमच्या सेव्ह डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्स फोल्डरमध्ये असतात.

२. स्टीम वर्कशॉपवर (स्टीमवरची मॉड मिळायची जागा) जे जे सबस्क्राइब केलंय ते सोडा. नाहीतर गेम परत टाकलात की तेही मागोमाग येतं.

३. गेम अनइन्स्टॉल करा, आणि मग स्टीमअ‍ॅप्सच्या कॉमन फोल्डरमध्ये जाऊन त्या गेमचं फोल्डर उरलंय का ते डोळ्यांनी बघा. बहुतेक वेळा उरलेलं असतं. ते हाताने पुसा.

४. माय गेम्समधल्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइल्स पुसा. कधीकाळी यूट्यूब बघून केलेले बदल तिथेच लपलेले असतात. गेम नव्या फाइल्स आपोआप बनवतो.

५. परत इन्स्टॉल करा आणि नवा खेळ सुरू करा. जुनी सेव्ह उघडू नका. मॉड्ससकट खेळलेल्या सेव्हमध्ये त्यांच्या स्क्रिप्टचे अवशेष राहतात, आणि मॉड काढल्यावर ते भलतेच गोंधळ घालतात.

आमच्याकडे पावसाळ्यात लाईट गेली की वायफायही जातं, आणि बारा जीबीचा स्कायरिम जूनमध्ये पुन्हा उतरवायचा म्हणजे शिक्षा. म्हणून एकदा स्वच्छ इन्स्टॉल झालं की पहिल्यांदा स्टीमच्याच सोयीने त्याचा बॅकअप घेऊन बाहेरच्या डिस्कवर टाका. मॉड टाकण्याआधी, नंतर नव्हे. मळलेल्या फोल्डरचा बॅकअप मळलेलाच निघतो.

माइनक्राफ्ट जावाचं काम सोपं आहे. लाँचरमध्ये इन्स्टॉलेशन्समध्ये नवी नोंद करा, हवी ती रिलीज निवडा, आणि गेम डिरेक्टरी वेगळी द्या. व्हॅनिला एका फोल्डरात, मॉडवाला दुसऱ्यात. एकाची सावली दुसऱ्यावर पडायला नको. हे नुसतं नीटनेटकेपण नव्हे. ड्रीम या नावाने खेळणाऱ्या प्रसिद्ध यूट्यूबरची माइनक्राफ्टमधली एक स्पीडरन डिसेंबर २०२० मध्ये रद्द झाली, कारण त्याला मिळालेले मोती आणि ब्लेझ रॉड या वस्तू शक्यतेच्या हिशेबात बसत नव्हत्या. मे २०२१ मध्ये त्याने मान्य केलं की बदललेला गेम चालू होता, आपल्या नकळत. नकळत की कळत हा वाद मी घेत नाही. पण नकळत होऊ शकतं, हे मात्र घरातल्या लॅपटॉपवर मी रोज बघतो.

तपासायचं कसं? मुख्य पडद्यावर खाली डाव्या कोपऱ्यात आवृत्ती दिसते. मॉड चालवणारं फॅब्रिक किंवा फोर्ज असेल तर तिथे मॉडेड असं येतं. एफ३ दाबल्यावर पडद्यावर तांत्रिक माहिती येते, तिच्या पहिल्या ओळीत आकड्याशेजारी व्हॅनिला हा शब्दच लिहिलेला असतो. आणि गेम कोसळला तर जो अहवाल बनतो, त्यात ‘बदललेला आहे का’ या प्रश्नासमोर गेम स्वतःच ‘बहुधा नाही’ एवढंच सांगतो. माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगवाल्यांचा हा सावधपणा मला फार आवडतो.

स्कायरिम स्पेशल एडिशनमध्ये मॉड असले की अचीव्हमेंट बंद होतात, पण तो पुरावा मानू नका. अचीव्हमेंट परत चालू करणारं मॉडही मिळतं.

पायरी ३ : मेनूतलं काय, बाहेरचं काय

माझा साधा नियम : गेमच्या स्वतःच्या मेनूत ज्याला जागा आहे ते व्हॅनिला. आवाज, बटणांची मांडणी, काठिण्य, दृष्टीची रुंदी, सगळं. एफ३ वरचे आकडे बघणंही व्हॅनिला. आतेबहिणीला ते पटत नाही, तो तिचा प्रश्न.

अधिकृत डीएलसीही (बनवणाऱ्यांच्याच पुरवण्या) व्हॅनिलातच धरतात. स्कायरिमच्या तीन मोठ्या पुरवण्या आता कुणी वेगळ्या काढत नाही. फक्त वॉरक्राफ्टवाल्यांसमोर हे बोलू नका.

पण नियमाला दोन ठिकाणी भोकं आहेत, तीही सांगतो.

पहिलं भोक जीटीए सॅन अँड्रियासमध्ये. पीसीवर त्याच्या मेनूतच फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती चित्रं दाखवायची याची मर्यादा) बंद करायची सोय आहे. बंद केलात की गेम जास्त फ्रेम्सवर पळतो आणि गेमचा नायक सीजे याचं पोहणं भयंकर मंद होतं, कारण त्याचं गणित फ्रेम्सवर अवलंबून आहे. मेनूतला पर्याय, पण खेळच बदलला. तिथे मी लिमिटर चालू ठेवूनच खेळा म्हणतो. स्कायरिमचं भौतिकशास्त्रही ६० फ्रेम्सला बांधलेलं. आयएनआय फाइलमधून ती मर्यादा उठवली की टेबलावरची भांडी आपोआप उडायला लागतात.

दुसरं भोक मोठं. माइनक्राफ्टमध्ये रिसोर्स पॅकला (गेममधली चित्रं, आवाज बदलणारा संच) अधिकृत जागा आहे, फाइल बदलावी लागत नाही. म्हणून कुणी दगड पारदर्शक करणारा पॅक लावतो आणि जमिनीतले हिरे बसल्या जागी बघतो. तांत्रिक दृष्ट्या गेम व्हॅनिला. पण हा माणूस लबाड आहे.

म्हणून हे पक्कं डोक्यात ठेवा की ‘व्हॅनिला’ आणि ‘प्रामाणिक’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. व्हाइस सिटीत पॅन्झर टाइप करून रणगाडा मागवणारा पोरगा व्हॅनिलाच खेळत असतो. तो कोड बनवणाऱ्यांनीच ठेवलाय. स्कायरिमचा कन्सोल (आज्ञा टाइप करायची चौकट) तसाच. एफ३ वाला स्पीडरनर व्हॅनिलाही आणि प्रामाणिकही. ऑप्टिफाइनवाला माझा मामेभाऊ प्रामाणिक, पण व्हॅनिला नाही.

ऑप्टिफाइनचा निवाडा इथे आपोआप लागला. तो वेग वाढवतो हे खरंच. पण झूम देतो, आणि हातातल्या मशालीचा उजेड सभोवार पाडायची सोयही देतो, जी मूळ गेमच्या मेनूत नाही. अंधाऱ्या गुहेत तो फायदाच.

नुसतं रूप बदलणारे शेडर आणि रीशेडसारखी साधनं? आमच्याकडे जत्रेला देवळासमोर रात्रभर मराठी नाटक चालतं. पूर्वी पेट्रोमॅक्स होता, आता एलईडी. त्यामुळे नाटक बदललं असं कुणी म्हणत नाही. पण कुणी मधला प्रवेशच गाळला, तर पुढच्या रांगेतले म्हातारे उठून उभे राहतात. शेडरला मी एलईडी धरतो, तरीही ‘व्हॅनिला, शेडरसह’ असं सांगून. ‘फक्त चुका दुरुस्त करणारा’ चाहत्यांचा अनधिकृत पॅच मात्र प्रवेश गाळण्यातच मोडतो, हेतू कितीही चांगला असो. मूळ चूक हाही व्हॅनिलाचा भाग.

चॉकलेट डूम हे याचं सुंदर उदाहरण. डूमचा सोर्स कोड डिसेंबर १९९७ मध्ये खुला झाला आणि लोकांनी तो नव्या यंत्रांसाठी हजार प्रकारे सुधारला. चॉकलेट डूमवाल्यांनी ठरवलं, सुधारायचं नाही. तेच ३२० बाय २०० चं चित्र, सेकंदाला तेच ३५ टिक. जमीन-छताचे सपाट तुकडे रंगवायला मूळ प्रोग्रॅमला १२८ ची मर्यादा होती, ती ओलांडली की गेम बंद पडायचा. चॉकलेट डूमही तिथेच बंद पडतो, मुद्दाम. फाइल मूळ नाही, तरी वागणूक मूळ. डूमच्या मंडळींत हे व्हॅनिला म्हणून चालतं, आणि मलाही ते पटतं.

आपोआप बटणं दाबणारे ऑटोक्लिकर आणि मॅक्रो गेमला हात लावत नाहीत, पण तुमच्या जागी तेच खेळतात. ते सांगितल्याशिवाय वापरू नका. हाताला त्रास आहे म्हणून बटणं बदलून घेणं यात येत नाही. ती करा, कुणाला विचारायची गरज नाही. स्क्रीन रेकॉर्ड करणं, डिस्कॉर्डवर बोलणं यावर तर चर्चाही नको.

पायरी ४ : सर्व्हर कुणाचा?

तुमचा लॅपटॉप स्वच्छ, लाँचर स्वच्छ, पण ज्या सर्व्हरवर जाता तो? एफ३ मध्ये तुमच्या बाजूला व्हॅनिला दिसेल, सर्व्हरची ओळख निराळी असेल.

आमचा घरचा सर्व्हर जुन्या डेस्कटॉपवर चालतो. सुरुवातीला मी ‘पेपर’ हा बाहेरच्यांनी बनवलेला सर्व्हर प्रोग्रॅम टाकला, कारण मोजांगच्या मूळ सर्व्हरपेक्षा तो हलका. आठवडाभरात भाचा तक्रार घेऊन आला की टीएनटीची (गेममधल्या स्फोटकाची) नक्कल करणारं त्याचं यंत्र चालत नाही. यंत्र बरोबर होतं. पेपर अशा नकला मुळातच बंद ठेवतो. म्हणजे एकही प्लगइन न टाकता आम्ही सगळे वेगळा गेम खेळत होतो. मुलांना व्हॅनिलाच हवा होता, म्हणून मोजांगचा फुकट मिळणारा मूळ सर्व्हर लावला, आणि सगळ्यांनी थोडा लॅग सोसला.

डेटा पॅक (गेमचे नियम बदलणारे संच) जुलै २०१८ च्या १.१३ पासून अधिकृत आहेत, पण त्यातला मजकूर बाहेरच्यांचा. लावला तर सांगा. आणि काळाबरोबर रेषाही सरकते. एकाने झोपल्यावर रात्र सरावी यासाठी पूर्वी प्लगइन किंवा डेटा पॅक लागे. जून २०२१ च्या १.१७ मध्ये तसं ठरवायची सोय गेममध्येच आली. कालचा मॉड आज व्हॅनिला!

मोबाइलवर खेळणाऱ्यांसाठी एवढंच : स्टोअरबाहेरून उतरवलेली ‘मॉड एपीके’ वापरू नका. व्हॅनिलाचं सोडा, आत आणखी काय भरलंय ते कुणालाच माहीत नसतं.

पायरी ५ : एका ओळीत जाहीर करा

कुठे स्क्रीनशॉट टाकाल, विक्रम सांगाल, तेव्हा ‘प्युअर’ वगैरे विशेषणं नकोत. अशी ओळ लिहा :

माइनक्राफ्ट जावा १.१६.१, काठिण्य नॉर्मल, मोजांगचा सर्व्हर, मॉड नाही, डेटा पॅक नाही, कमांड बंद, शेडर नाही.

किंवा :

स्कायरिम स्पेशल एडिशन, तिन्ही डीएलसी, स्वच्छ इन्स्टॉल, नवी सेव्ह, कन्सोल एकदा वापरला (भिंतीत अडकलो होतो).

कंसातला तो कबुलीजबाब वाचून कुणी भांडत नाही. भिंतीत सगळेच कधी ना कधी अडकलेत.

घरी आता फ्रिजवर एक कागद लावलाय. डावीकडे ‘व्हॅनिला’, उजवीकडे ‘बाकी’. मामेभावाचा ड्रॅगन उजवीकडे आहे, पुढे लिहिलंय ‘ऑप्टिफाइनसह’. डावीकडे आतेबहिणीचं नाव लिहायला ती फोनवरून सांगत होती. मी विचारलं, कोणती आवृत्ती? ‘‘बघून सांगते,’’ म्हणाली, आणि फोन ठेवला.